होडीवरचा रेडिओ : त्याची तार आणि त्याची जमीन
(नभोवाणीवरील भाषण)



१७ जुलै १९४७ रोजीं, अमावास्येच्या दिवशीं सकाळीं, 'रामदास' नांवाची आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जाण्यास निघाली आणि काशाच्या खडकाजवळ तुफानांत सांपडून उलटली. सहाशेंहून अधिक माणसें त्या दिवशीं बुडालीं. ही हकीगत कोंकणांतील घराघरांतून अजून सांगितली जाते. परंतु तींतील एक गोष्ट सांगणारे पुष्कळदां विसरतात. त्या बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबई बंदर अवघ्या कांहीं मैलांवर असूनही बंदरांतील अधिकाऱ्यांस या अनर्थाचा पत्ता लागला नाहीं. पोहून अगर कोळ्यांच्या होड्यांच्या आश्रयानें जे वांचले, ते किनाऱ्यास लागले तेव्हां कोठें वार्ता फुटली.

पुढें काळ पालटला. आज मासेमारीच्या साध्या ट्रॉलरवरही तांडेलाच्या समोर, शाळेंतल्या कंपासपेटीहून थोडेंसें मोठें असें बोलकें यंत्र बसविलेलें दिसतें. 'रामदास'वर जें नव्हतें तें आतां सर्वत्र आहे, असें मानून आपण स्वस्थ बसतों. परंतु यंत्र जवळ असणें आणि त्यांतून आपली हांक दुसऱ्यापर्यंत पोंचणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांमधील अंतर किती मोठें आहे, हें मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळें कळलें.

मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशांत शिरलों आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खाडीकांठच्या शाळेंत उभी हयात घालविली. मुलांस विज्ञान शिकवीत असें आणि फावल्या वेळीं गांवांतले बिघडलेले रेडिओ उघडून पाहत असें. माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा पुढें ट्रॉलरचा तांडेल झाला. एके सायंकाळीं किनाऱ्यापासून पंधरा मैलांवर त्याचें इंजिन बंद पडलें. मोबाईल तेथें पोंचत नव्हता. त्यानें यंत्राचें बटण दाबून हांका मारल्या. उत्तर आलें नाहीं. सात माणसांनीं नांगर टाकून रात्र काढली, आणि सकाळीं योगायोगानें जवळून चाललेल्या एका होडीनें त्यांस ओढून आणलें. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, यंत्र नवें कोरें आहे. रात्रभर दुसऱ्यांचें बोलणें मला ऐकूं येत होतें. माझें मात्र कोणास जात नव्हतें. असें कसें व्हावें?" आजचें माझें भाषण म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर होय.

ज्यांच्या घरीं पूर्वीं वाल्वचा रेडिओ होता, त्यांस आठवत असेल कीं त्याच्या पाठीमागें दोन खुंट्या असत. एकीस एरियल जोडावयाचा आणि दुसरीस 'अर्थ', म्हणजे जमिनीची तार. आमच्या घरीं एरियल म्हणजे माळ्याखालीं ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी होती, आणि अर्थ म्हणजे परसांत कोळसा व मीठ घालून पुरलेल्या लोखंडी नळीस आवळलेली तार. उन्हाळ्यांत आवाज क्षीण झाला कीं वडील त्या जागीं तांब्याभर मिठाचें पाणी ओतीत. त्याचें कारण मला शिक्षक झाल्यावर समजलें. कोरडी माती विजेस वाट देत नाहीं. खारी ओल मात्र देते.

या दोन खुंट्यांचें महत्त्व मार्कोनीच्या ध्यानांत आलें. १८९५ सालीं बोलोन्या शहराजवळील आपल्या घरीं प्रयोग करीत असतां त्यानें यंत्राचें एक टोंक उंच नेलें व दुसरें जमिनींत पुरलें. त्याबरोबर त्याचा संदेश समोरच्या टेकडीपलीकडे गेला. पुढें चार वर्षांनीं, १८९९ च्या मार्च महिन्यांत, इंग्लंडच्या गुडविन नांवाच्या वाळूच्या दांड्यावर एक जहाज रुतलें असतां तेथील दीपनौकेनें बिनतारी यंत्रानें किनाऱ्यावरून मदत बोलाविली. समुद्रावरून अशा रीतीनें मदत मागितल्याचा हा पहिला प्रसंग मानितात.

आतां होडीकडे वळूं. होडीवरील रेडिओ दोन जातींचे असतात, आणि त्यांची गरज परस्परांहून अगदीं भिन्न आहे. हा भेद न समजल्यामुळें पुष्कळांचे पैसे फुकट जातात.

पहिली जात व्ही. एच. एफ. या नांवानें ओळखली जाते, आणि ट्रॉलरवर बहुधा हीच असते. हिची संकटाची वाट म्हणजे १६ क्रमांकाची वाहिनी. तिची कंपनसंख्या १५६.८ मेगाहर्ट्झ. या लहरीची लांबी दोन मीटरांहून थोडी कमी, म्हणून तिच्या अर्ध्या लांबीचा एरियल सुमारें तीन फुटी काठींत मावतो. त्या काठींत लहरीस लागणाऱ्या दोन्ही बाजू बसविलेल्या असतात. सबब तिला जमिनीची तार लागत नाहीं. तिला लागते ती उंची. या लहरी बहुतांशी सरळ रेषेंत जातात आणि पृथ्वीची पाठ वांकडी आहे. एरियल पाण्यापासून चार मीटर उंच असेल तर त्याचें क्षितिज आठ किलोमीटरांवर येतें. तशाच दुसऱ्या होडीशीं सोळा किलोमीटरांपर्यंत बोलणें व्हावें. किनाऱ्यावरील डोंगरावर शंभर मीटर उंचीचें ठाणें असेल, तर त्याचें स्वतःचें क्षितिज एकेचाळीस किलोमीटर, म्हणून आपली चार मीटरांची होडी त्यास एकूणपन्नास किलोमीटरांवरून गांठूं शकेल. उंची चौपट केली तर पल्ला दुप्पट होतो. म्हणून हा एरियल डोलकाठीच्या शेंड्यावर असावा. केबिनच्या छपरावर, जाळ्याच्या लोखंडी सांगाड्याआड दडविलेला नसावा.

परंतु एरियल उंच नेला कीं त्यास यंत्राशीं जोडणारी केबलही लांब होते, आणि खरा घात तेथें होतो. ही केबल म्हणजे मधोमध एक तार, तीभोंवतीं पांढरें वेष्टन, त्यावर तांब्याची विणलेली जाळी आणि वरून काळें रबर. टेलिव्हिजनच्या केबलीचीच ही थोरली बहीण. बोटाच्या निम्म्या जाडीची, पांच मिलिमीटरांची स्वस्त केबल पंधरा मीटर लांब घेतली, तर यंत्रानें दिलेल्या २५ वॅट शक्तीपैकीं सुमारें अर्धी वाटेंतच उष्णतेंत जिरते. तेवढ्याच लांबीची दहा मिलिमीटरांची जाड केबल पाव हिश्शाहून थोडी अधिक खाते. पातळ केबल विकत घेणारा मनुष्य चार पैसे वांचवितो, आणि त्या वांचविलेल्या पैशांत आपला अर्धा आवाज विकून टाकतो.

त्याहूनही वाईट शत्रु म्हणजे खारें पाणी. तांब्यापितळेच्या भांड्यांत ताक राहिलें तर तें कळकतें, हें आपल्या घरांतील स्त्रियांस सांगावयास नको. समुद्रावरील हवा दिवसरात्र तेंच काम करीत असते. केबलीच्या टोंकावरील प्लग नीट झाळलेला नसेल, अगर त्यावर आच्छादन नसेल, तर पाणी जाळींत शिरतें आणि दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें फूटच्या फूट आंत चढत जातें. वरून रबर काळें चकचकीत दिसतें. आंत तांब्याचा हिरवा कळंक झालेला असतो. उपाय साधे आहेत. केबल आंतून कल्हई केलेली घ्यावी. आपल्या आज्या भांड्यांस ज्या हेतूनें कल्हई करीत, तोच हेतु येथें. प्लग झाळून बसवावा, पिळून नव्हे. त्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी. केबल केबिनमध्यें शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारें पाणी झोळाच्या तळाशीं गळून जाईल, भोंकांतून आंत येणार नाहीं. आणि मध्यें सांधा शक्यतों करूंच नये.

दुसरी जात दूरवर बोलणाऱ्या रेडिओची. दूर जाणाऱ्या जहाजांवर, आणि जगाची सफर करणाऱ्या शिडाच्या नौकांवर ती असते. हिच्या लहरी लांब असतात. २१८२ किलोहर्ट्झ या, संकटासाठीं राखलेल्या कंपनसंख्येची लहर सुमारें १३७ मीटर लांब आहे. तिच्या चतुर्थांश लांबीचा एरियल करावयाचा तर चौतीस मीटर हवा. एवढी काठी लहान नौकेवर कोठून आणावयाची? म्हणून सात-आठ मीटरांची काठी, किंवा डोलकाठीस मागून ताणून धरणारी पोलादी तार दोन्ही टोंकांस विद्युद्रोधक घालून अलग करून, एरियल म्हणून वापरतात, आणि उरलेली उणीव ट्यूनर नांवाची पेटी भरून काढते. ही तार बोलणें चालू असतां हातास लागूं देऊं नये. ती चांगलीच भाजते.

अशा एरियलास मात्र जमीन अवश्य लागते. किनाऱ्यावरून उडी मारणें निराळें आणि हेलकावणाऱ्या होडींतून उडी मारणें निराळें. पायाखालीं कांहीं भक्कम असेल तर उडी लांब जाते. वीज एरियलांत वर लोटावयाची तर तिलाही मागें रेटा देण्यास कांहीं तरी हवें. घरांत तें काम माती करते. समुद्रावर तें काम समुद्र करतो, आणि मातीहून शेंकडों पटींनीं चांगलें करतो. परसांतल्या खड्ड्यांत आपण मुद्दाम मीठ घालतों. येथें तर क्षितिजापर्यंत मिठाचाच खड्डा पसरलेला आहे. प्रश्न एवढाच, कीं आपली तार त्यास भेटावी कशी?

लोखंडी जहाजास ही अडचण नाहीं. त्याचें सगळें अंग पाण्यास टेकलेलें असतें. लांकडाच्या अगर फायबरच्या होडीस पाण्याखालीं कांशाचा पत्रा बसवावा लागतो, किंवा पाण्याच्या रेषेखालीं आंतून तांब्याचा रुंद पत्रा चिकटवितात. फायबरची पातळ भिंत मध्यें असली तरी या वेगवान विजेस ती अडवीत नाहीं. ट्यूनरपासून त्या पत्र्यापर्यंत गोल तार न नेतां दोनतीन इंच रुंद अशी तांब्याची पातळ पट्टी नेतात. येथें विद्यार्थी हमखास विचारतात, कीं जाड तार कां नको? उत्तर असें, कीं इतक्या वेगानें दिशा पालटणारी वीज धातूच्या पोटांतून न वाहतां त्याच्या कातडीवरून वाहते. २ मेगाहर्ट्झच्या सुमारास तांब्यांत ती मिलिमीटराच्या विसाव्या हिश्शाहून फारशी खोल शिरत नाहीं. तिला पोट नको, पाठ हवी. आणि रुंद पट्टीस पाठ भरपूर असते. ती पट्टी शक्य तितकी आंखूड असावी, हेंही तितकेंच महत्त्वाचें.

येथें एक धोका सांगितलाच पाहिजे. लिंबांत एक तांब्याची व एक जस्ताची पट्टी खोंचून मुलांस वीज दाखविण्याचा प्रयोग आम्ही शाळेंत करीत असूं. तांबें, लोखंड व जस्त खाऱ्या पाण्यांत एकमेकांस जोडले कीं तोच प्रयोग होडीखालीं सुरू होतो, आणि त्यांतला हलका धातु झिजत जातो. इंग्लंडच्या आरमारानें १७६१ सालीं 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनीं पाहतात तों पत्रे शाबूत, पण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे पाण्यानें खाल्लेले. जेथें खिळा व पत्रा यांमध्यें कागद राहिला होता तेथलेच तेवढे खिळे वांचले. पुढें १८२४ सालीं हंफ्री डेव्हीनें सुचविलें, कीं असा झिजणारा धातु आपणच मुद्दाम बळी म्हणून द्यावा. आज होड्यांच्या तळाशीं जस्ताचे जे ठोकळे लावतात ते याच विचाराचे. रेडिओच्या पट्टींत मध्यें कंडेन्सर घालण्याचीही रीत आहे. रेडिओची वीज त्यांतून पार जाते. धातूस झिजविणारी एका दिशेची वीज मात्र तेथेंच अडते.

याखेरीज एक तिसरी 'जमीन' आहे, आणि ती आकाशांतल्या विजेकरितां. डोलकाठीवर वीज पडली तर तिला समुद्रांत उतरण्यास जाड तांब्याची तार, तीक्ष्ण वळणें न देतां, सरळ खालीं नेऊन पाण्याखालील निदान एक चौरस फुटाच्या पत्र्यास जोडावी असा प्रघात आहे. रेडिओची पातळ पट्टी या कामास पुरी पडणार नाहीं. तसेंच बॅटरीची परतीची तार ही चौथी गोष्ट. या सर्वांस लोक एकाच नांवानें 'अर्थ' म्हणतात आणि एकाच खिळ्यास बांधून मोकळे होतात. नांव एक असलें तरी काम निराळें आहे, हें ध्यानांत ठेवावें.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊं. आम्हीं दोघांनीं त्याच्या ट्रॉलरवर एक दुपार घालविली. डोलकाठीवरचा प्लग उघडला तेव्हां आंतून हिरवी भुकटी पडली. केबलीची जाळी हातभर काळी पडली होती. परंतु एरियल वाईट असेल तर तो ऐकण्यास व बोलण्यास सारखाच वाईट असावयास हवा. जवळच्या होड्यांचें जोरदार बोलणें वाईट एरियलांतूनही ऐकूं यावें, हें खरें. तरी मन मानेना. मग बॅटरीची तार तपासली. केबिनच्या फळीमागें बसविणाऱ्यानें दोन तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. तो सांधा कळकला होता.

येथें पांचवींतल्या मुलालाही कळेल असें गणित आहे. समजा, त्या सांध्याचा विरोध अर्धा ओहम झाला. ऐकतांना यंत्र साधारण अर्धा अँपिअर वीज घेतें. तेव्हां सांध्यावर पाव व्होल्ट जातो, आणि बारा व्होल्टांत तो कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. पण बोलण्याचें बटण दाबतांच यंत्र पांच अँपिअर मागतें. त्याच सांध्यावर आतां अडीच व्होल्ट खर्ची पडतात, आणि यंत्राच्या पदरीं साडेनऊ येतात. ऐकणारें यंत्र जिवंत, बोलणारें मुकें. रात्रभर सगळ्यांचें बोलणें ऐकूं येत असून आपलें कोणास जात नव्हतें, त्याचें मुख्य कारण तो बोटभर सांधा होता. जो थोडाफार आवाज बाहेर पडत असेल, तो कळकलेल्या केबलीनें गिळला.

म्हणून बॅटरीपासून यंत्रापर्यंत जाण्याची व येण्याची, दोन्ही तारा जाड व कल्हई केलेल्या असाव्या. लांबी मोजतांना जाणें-येणें दोन्ही मोजावें. फ्यूज बॅटरीच्या जवळ असावा. बटण दाबल्यावर यंत्राचा दिवा मंदावतो कीं काय, एवढें जरी तांडेलानें पाहिलें, तरी अर्धी परीक्षा झाली. परत फिरणारी शक्ति मोजणारें एक लहानसें मीटर मिळतें. केबल वा एरियल बिघडला असेल तर तें सांगतें. त्यावरचा आंकडा दीडाच्या आंत असेल तर ठीक. तीनावर गेला, तर शंभरांतील पंचवीस हिस्से एरियलाकडून परत येत आहेत असें समजावें. मात्र पाणी शिरलेली लांब केबल परत येणारी शक्तिही गिळते आणि आंकडा खोटाच चांगला दाखविते; म्हणून प्लग उघडून डोळ्यांनीं पाहणें चुकत नाहीं. एरियल जोडल्यावांचून बटण कधींही दाबूं नये.

नव्या यंत्रांवर एक लाल बटण असतें. तें दाबलें कीं ७० क्रमांकाच्या वाहिनीवरून होडीचा नऊ आंकडी क्रमांक आपोआप जातो, आणि यंत्रास उपग्रहांवरून ठिकाण दाखविणारें साधन जोडलेलें असेल तर होडीचें ठिकाणही जातें. मोठ्या जहाजांवर ही व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणें अंमलांत आली. सोय उत्तम आहे; पण तें लाल बटणही त्याच केबलींतून आणि त्याच सांध्यांतून बोलतें, हें विसरतां कामा नये.

जून-जुलैंत मासेमारी बंद असते. त्या वेळीं होड्या वर ओढून त्यांस रंगरोगण करतात, इंजिनें खोलतात, जाळीं विणतात. त्याच दिवसांत प्रत्येक प्लग एकदां उघडून पाहावा, तांब्याचा रंग तांब्यासारखा आहे कीं हिरवा, एवढें तपासावें. आणि बंदर सोडून चारपांच मैल गेल्यावर, संकटाची वाहिनी मोकळी ठेवून, दुसऱ्या वाहिनीवर एका सोबतच्या होडीस हांक मारून पाहावी. तीही यंत्र एक वॅटच्या लहान शक्तीवर ठेवून. एक वॅट पोंचला तर एरियल व केबल बहुधा ठीक आहेत असें समजावें; बॅटरीच्या तारेची परीक्षा मात्र पूर्ण शक्तीवरच होते.

माझ्या विद्यार्थ्यानें केबल, दोन प्लग आणि थोडी तार बदलली. सगळा खर्च एका फेरीच्या बर्फाहून कमी आला. नारळी पौर्णिमेनंतर तो पहिल्यांदा बाहेर पडला, तेव्हां मी धक्क्यावर त्याच्या भावाच्या होडींत यंत्रापाशीं बसलों होतों. किनारा दिसेनासा झाल्यावर त्याचा आवाज आला, "गुरुजी, येतें का ऐकूं?" मीं भावास म्हटलें, "त्याला सांग, वर्गांतल्याहून स्पष्ट येतें."